अकराशेची तलवार आणि मुठीतली सहा एमएमची सळी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. १९ फेब्रुवारी तोंडावर आलेली, त्यामुळं आमच्या कोल्हापुरातल्या सगळ्या मर्दानी खेळाच्या पथकांची घाई चाललेली असते तशीच आमच्या पेठेतल्या पथकाची पण चाललेली. तालमीच्या मागच्या मोकळ्या जागेत वीस-बावीस पोरं-पोरी, दिवेलागणीची वेळ, आणि एका पोरानं तलवारीची फिरकी घेताना हात वरून खाली आणला तर मूठ हातात तशीच राहिली आणि पातं गेलं. गेलं म्हणजे उडालं. भिंतीला लावलेल्या एका स्प्लेंडरच्या सीटवर आपटलं, रेक्झिन वीतभर फाटलं आणि खाली फरशीवर खणखण करत पडलं. त्या गाडीपासून तीन-चार फुटांवर दोन बारकी पोरं पायात लेझीमचे चाळ बांधत बसली होती. कुणाला काही झालं नाही, एवढंच.

रविवारी सकाळी वस्ताद माझ्या दारात. सोबत दोन पोरं आणि चादरीत गुंडाळलेल्या दहा तलवारी, शेजारच्या काकू गॅलरीतून बघतायत. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम करतो, चौदा वर्षं झाली, गिअर आणि शाफ्ट यांना ताव द्यायचा आणि पाणी पाजायचं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायचं, हेच काम. लहानपणी ह्याच वस्तादांकडं काठी शिकलोय त्यामुळं त्यांनी "बघून सांग, ह्यातल्या किती टाकायच्या" म्हटल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. खरं सांगायचं तर मला पण उत्सुकता होती, कारण स्टील मला कळतं पण तलवार मला कळत नाही, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्या दिवशी दुपारपर्यंत चांगलंच समजलं.

आधी माल काय होता ते सांगतो. आठ तलवारी एकाच साच्यातल्या, पितळी मूठ, मखमली म्यान, पातं आरशासारखं, प्रत्येकी अकराशे रुपये, विकणाऱ्यानं "स्टेनलेस आहे, गंजायची नाही, आयुष्यभर" असं सांगून दिलेल्या. एक साडेचार हजारांची, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, "ओरिजिनल दमास्कस, हाय कार्बन". आणि एक अठराशेची, एका लोहारानं बनवलेली, काळपट, पात्यावर हातोड्याच्या खुणा तशाच, मूठ लोखंडी. ही शेवटची पोरांना अजिबात आवडलेली नव्हती. एकूण पंधरा हजार शंभर रुपये, सगळी वर्गणी. आमच्या पथकाला ही मोठी रक्कम आहे. त्यात दोन वर्षांपूर्वी, २०२४ च्या शिवजयंतीला, सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला तेव्हापासून नवीन पोरं बरीच वाढलीत आणि हत्यारं पुरत नाहीत.

मोडलेल्या तलवारीपासून सुरुवात केली. मुठीच्या शेंड्याला एक कळस असतो तो फिरवला तर खाली नट. नट काढला आणि मूठ हलवली तर आतून वाळलेली पुट्टी भुगा होऊन पडली, तीच आपली दोन रंगांची मळून लावायची, नळ गळायला लागला की लावतो ती. आणि त्या भुग्यात सहा एमएमची एक सळी, एका टोकाला आटे पाडलेले. म्हणजे पात्याला शेपूट, पात्याचाच मुठीत शिरणारा भाग, असं नव्हतंच, पातं मुठीच्या तोंडाशी संपत होतं आणि तिथं ही सळी वेल्डिंगनं चिकटवलेली होती. तुटलं ते तिथंच.

आता ही तुटलेली जागा भिंगाखाली धरली तेव्हा सगळी गोष्टच लिहिलेली दिसली. वर्तुळाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग तांबूस-काळा, गंजलेला, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळणदार रेषा. उरलेला चतकोर भाग चकचकीत, ताजा, खरबरीत. ज्यांनी मोडलेले शाफ्ट बघितलेत त्यांना लगेच कळेल, ही तलवार त्या दिवशी मोडलेली नाही, ती कधीची मोडत होती. पहिल्या काही दिवसांतच वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडली असणार, प्रत्येक फिरकीला ती थोडी थोडी आत सरकली, घाम आणि हवा आत जाऊन गंजली, आणि शेवटी त्या उरलेल्या चतकोरावर सगळं पातं लटकत होतं तेवढं त्या दिवशी सुटलं. पोरगं बिचारं दोन दिवस "माझा हात चुकला" म्हणून तोंड पाडून बसलेलं. त्याला फोन लावून सांगितलं, तुझा काही दोष नाही रे बाबा.

वस्ताद म्हणाले, "वेल्डिंग वाईट होतं म्हण की." वेल्डिंग वाईट होतंच, आतपर्यंत गेलेलंच नव्हतं, नुसता वरून लपेटा मारलेला. पण चांगलं असतं तरी मी ती तलवार फिरवू दिली नसती. साधा हिशेब आहे. तलवार फिरवताना सगळा झटका पातं मुठीत शिरतं त्या जागी येतो. तिथं पात्याचंच काढलेलं शेपूट असेल, समजा पाच एमएम जाड आणि वीस एमएम रुंद, तर वाराच्या दिशेनं ते सहा एमएमच्या गोल सळीच्या साधारण पंधरा पट वाकण सोसतं. पंधरा टक्के नाही, पंधरा पट. दिसायला बाहेरून दोन्ही सारख्याच, कारण दोन्हींवर मूठ बसलेली.

मग बाकीच्या सात खोलल्या. सगळ्यांत तीच सळी. आमच्या शॉपमध्ये चीर शोधायचे लाल-पांढरे स्प्रे असतात पण रविवार, शॉप बंद, तर वस्तादांनीच जुनी युक्ती सांगितली, रॉकेल आणि खडू. जोड स्वच्छ पुसायचा, रॉकेल लावून दहा मिनिटं ठेवायचं, मग कोरडं पुसून वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली काळपट रेघ उमटते. रॉकेल आता मिळतंय कुठं, आम्ही शेजारच्या पेंटरकडून टर्पेंटाईन आणलं, तेवढ्यानं भागलं. सातातल्या तीन तलवारींवर रेघ आली. एकीवर तर अर्ध्या सळीला वळसा घालून. ती तलवार सातवीतली एक मुलगी वापरत होती. वस्ताद बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसती ती रेघ बघत बसले.

पात्याचं म्हणाल तर ते स्टेनलेस नव्हतंच. सोबतच्या पोरानं खिशातून लोहचुंबक काढलं, चिकटवलं, "दादा चिकटतंय, म्हणजे स्टेनलेस नाही." निष्कर्ष बरोबर होता पण कारण चुकीचं. चुंबक न चिकटणारं स्टेनलेस असतं ते आपल्या भांड्यांचं, तीनशे चार वगैरे, आणि त्याला पाणी पाजून कडक करताच येत नाही, त्याची तलवार किंवा सुरी करून उपयोग नाही. सुऱ्यांचं जे स्टेनलेस असतं, चारशे वीसच्या घरातलं, त्याला चुंबक व्यवस्थित चिकटतं. तेव्हा दुकानात चुंबक घेऊन जाणाऱ्यांनी तो घरी फ्रिजलाच लावलेला बरा. आम्ही काय केलं तर मुठीखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर पॉलिश पेपर मारला. वरचा क्रोमचा पापुद्रा गेला आणि खाली साधं लोखंड, माइल्ड स्टील. त्यावर कानस लावली तर लोण्यात गेल्यासारखी गेली. मोडक्या पात्याचा तुकडा ग्राइंडरवर धरला, ठिणग्या लांब, सरळ, पिवळट, फुलबाजीसारखं फुटणं जवळजवळ नाही, म्हणजे कार्बन नगण्य. सोमवारी शॉपमध्ये रॉकवेलवर, म्हणजे कडकपणा मोजायच्या मशीनवर, ठेवलं तर सी स्केलवर, जी कडक स्टीलसाठी असते, वाचण्यासारखा आकडाच नाही, मऊ धातूंच्या बी स्केलवर ऐंशीच्या आसपास. खिडकीच्या गजाचं लोखंड आणि हे, फरक शोधून सापडणार नाही.

अजून एक गोष्ट जी कुणालाही घरी बघता येते, जाडी. व्हर्नियर लावला, मुठीजवळ तीन एमएम, मध्ये तीन एमएम, टोकापासून चार बोटांवर तीन एमएम. पत्रा कापलाय, बाकी काही नाही. खरी तलवार मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडं उतरत जाते, वरून म्हणजे पाठीच्या बाजूनं बघितलं की ती उतरंड डोळ्याला दिसते. ती घडवायला वेळ लागतो, ग्राइंडिंगला पैसे लागतात, म्हणून स्वस्तात सगळ्यात आधी तीच जाते. आणि ती नसली की तलवार टोकाकडं जड होते. मोडलेली सोडून बाकीच्या सातही किचनच्या काट्यावर चौदाशे-साडेचौदाशे ग्रॅम भरल्या, आणि बोटावर तोलल्या तर तोल मुठीपासून जवळजवळ नऊ इंचांवर. लोहाराची ती काळी तलवार नऊशे ऐंशी ग्रॅम, तोल पाच इंचांवर. पोरांच्या हातात दोन्ही दिल्या, डोळे मिटून. "ही हलकी आहे" असं नाही म्हणाली ती पोरं, "ही हातातली वाटते" असं म्हणाली. मनगट दुखतंय म्हणून तीन पोरी जानेवारीत सुट्टी मागत होत्या ते वस्तादांना तिथं आठवलं.

दमास्कसवाली सगळ्यांची लाडकी. ती खाली सतरंजीवर पण ठेवत नव्हते. तिचं शेपूट मात्र पात्याचंच होतं, सलग, नटापर्यंत, ते बघून मला पण बरं वाटलं. पण शेपूट जिथं पात्यातून निघतं तिथले दोन्ही कोपरे काटकोनात, करवतीनं कापल्यासारखे तीक्ष्ण. आमच्या धंद्यात शाफ्टला असा कोपरा ठेवला तर साहेब ड्रॉइंग तोंडावर फेकतो, कारण चीर कायम असल्या कोपऱ्यातनंच निघते, तिथं गोलाई लागते, दोन-तीन एमएमची असली तरी पुरते. मग कानस लावली, ती सरकली. अजिबात धरेना, काचेवर घसरल्यासारखी. पोरं खूश, "बघा दादा किती हार्ड!" मी म्हटलं हेच तर वाईट आहे. दुसऱ्या दिवशी मोजली तेव्हा सी स्केलवर अठ्ठावन्न-एकोणसाठ आकडा आला. चार इंचांच्या सुरीला हा आकडा उत्तम, भारी सुऱ्या मुद्दाम तेवढ्या ठेवतात कारण तिथं धार टिकणं महत्त्वाचं आणि सुरीला कुणी वाकवत नाही. अडीच फुटी तलवारीला तोच आकडा म्हणजे धोका. तलवारीला पंचेचाळीस ते पन्नास-बावन्न, त्यात पण पाठ मऊ असली तर फारच छान. पाणी पाजल्यावर परत मंद तावावर टेंपर करायचं असतं म्हणजे ठिसूळपणा उतरतो, साधारण साडेतीनशे-चारशे डिग्रीच्या आसपास, स्टीलप्रमाणं कमीजास्त, ती पायरी ह्यांनी एकतर गाळलेली किंवा घाईत उरकलेली.

वाकवून बघायचं ठरलं. डोळ्याला गॉगल, सगळ्यांना मागं घालवलं, टोक लाकडी फळीवर टेकवून मुठीकडून हळूहळू दाब. अकराशेची वाकली आणि वाकलेलीच राहिली, धनुष्यासारखी. दमास्कस दोन इंच वाकेपर्यंत गप्प राहिली आणि मग "टक्क". साधारण सहा इंचांचा टोकाकडचा तुकडा फळीवरून उडून कुंडीत. साडेचार हजार. पोरांची तोंडं बघवत नव्हती, आणि मला पण क्षणभर वाटलं उगीच केलं, पण ही मोडायचीच होती, आज माझ्या दारात मोडली एवढंच.

नक्षीचं नंतर वेगळं तपासलं. ती मात्र खरी निघाली, म्हणजे दोन प्रकारचं स्टील थर लावून एकत्र घडवलेलं होतं. तुकड्याचा एक भाग घासून गुळगुळीत केला आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवला, जे सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाऊन काढायला वापरतात, आणि लाटा परत उठल्या. नुसती वर लेझरनं किंवा अॅसिडनं छापलेली असती तर घासल्यावर गेली ती गेली. पण नाव दमास्कस असलं म्हणून काही ते जुनं पोलाद नव्हे. जुनं पोलाद, ज्याच्यावरून हे सगळं नाव चाललंय, ते आपल्या दक्षिणेतलं, मुशीत वितळवून केलेलं, निजामाबादकडच्या कोनसमुद्रमसारख्या गावांतून इराणपर्यंत जायचं, आणि त्याची नक्षी धातू थंड होताना आणि घडवताना आतूनच उठायची, थर लावून नाही. आजचा माल थरांचा. त्यात वाईट काही नाही, सुंदर दिसतो, पण नक्षीवरून मजबुती कळत नाही. इथं नक्षी अस्सल होती आणि तलवार कुचकामी होती, दोन्ही एकाच वेळी.

राहिली काळी. आणि इथं मी माती खाल्ली.

पोरांनी व्हिडिओ बघितलेले होते, इंग्रजी, हिंदी, आणि त्यात सगळे एकच सांगतात, फुल टँग पाहिजे, पात्याचं शेपूट मुठीच्या शेवटापर्यंत पाहिजे, नसेल तर घेऊ नका. ह्या काळ्या तलवारीला मुठीच्या शेंड्याला नट नाही, रिबीट नाही, काहीच नाही. लोहाराला विचारलं तर म्हणाला लाखेत बसवलंय. पोरांच्यात त्यावरून टिंगल झालेली, "लाखेनं बांगड्या चिकटवतात, तलवार नाही." मी पण इंजिनिअरिंगच्या डोक्यानं म्हटलं, वस्ताद, पातं चांगलं दिसतंय पण जोड चिकटवलेला आहे, ही पण बाजूला ठेवा.

वस्ताद म्हणाले, "तुझ्या गॅसवर चालंल का?" आणि माझ्या बायकोकडं बघून, "वैनी, जरा वास येईल हं." घरी परत जाऊन त्यांनी त्यांच्या आजोबांच्या वेळची तलवार आणली, दसऱ्याला पुजतात ती, परवाना वगैरे सगळं असलेली. मूठ गॅसच्या बारीक आचेवर सगळीकडून फिरवत धरली, पाच-सात मिनिटं, पात्याला ओला फडका गुंडाळलेला म्हणजे ताव पात्याकडं चढायला नको. लाखेचा तो गोडसर धुरकट वास घरभर झाला आणि मग त्यांनी फडक्यात धरून पातं ओढलं तर ते सरळ बाहेर आलं. शेपूट किती? तीन बोटं. फार तर अडीच इंच. शंभरेक वर्षं जुनी तलवार, दोन पिढ्यांनी फिरवलेली, आणि तिला फुल टँग नाही.

आपल्या तलवारीची मूठ हीच मुळात वेगळी वस्तू आहे हे मला तेव्हा कळलं. ती आतून पोकळ लोखंडी खोबण असते, शेपूट आखूड पण रुंद, आणि मधल्या सगळ्या फटीत गरम लाख, त्यात बहुतेक विटेची पूड किंवा तसलं काहीतरी मिसळलेलं. वरून परजेच्या, म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेल्या आडव्या भागाच्या, दोन जिभल्या पात्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात. झटका येतो तो आधी त्या जिभल्यांवर येतो, मग लाखेवर पसरतो, एका सळीवर किंवा एका कोपऱ्यावर येऊन बसत नाही. युरोपातली तलवार वेगळ्या पद्धतीनं बांधतात, तिथं तो शेपटाचा नियम बरोबर आहे, आणि तो नियम उचलून आपण आपल्याच हत्याराला नापास करत होतो. मी सकट.

ह्यावरून परवाच्या त्या तलवारीची आठवण निघाली, नागपूरकर रघूजी भोसल्यांची, जी २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारनं घेतली आणि ऑगस्टात मुंबईला आणली. तिचं पातं युरोपियन आणि मूठ इकडची. पाठीवर देवनागरीत रघूजींचं नाव सोन्यानं, आणि "फिरंग", म्हणजे परदेशी पात्याची तलवार, असा शब्द. म्हणजे त्या काळात सुद्धा चांगलं पातं बाहेरून यायचं आणि इथला कारागीर त्याला आपली मूठ चढवायचा. सरदाराचा जीव ज्या जोडावर टांगलेला तो जोड इथल्याच माणसाच्या हातचा. वस्ताद हे ऐकून म्हणाले, "मग, तेच तर सांगतोय मी," खरं तर त्यांनी तोपर्यंत तसं काही सांगितलेलं नव्हतं, पण वस्तादांशी कोण वाद घालणार.

काळीची बाकीची परीक्षा पटकन झाली. मुठीजवळ पाच एमएम, टोकाकडं दोन-सव्वादोन. कानस लागते पण जोर लावावा लागतो. वाकवली तर तीन इंच वाकून सोडल्यावर सरळ, आम्ही दोरी लावून बघितलं, केसाचा फरक नाही. आकडा धारेकडं शेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस. स्टील काय तर ट्रकचा कमानपाटा, लोहारानं लपवलेलं पण नव्हतं. कमानपाट्याचं स्टील म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन आणि सिलिकॉन भरपूर, आयुष्यभर वाकून परत सरळ व्हायलाच बनवलेलं, तलवारीला ह्याहून स्वस्त आणि चांगलं काय मिळणार. एकच भीती, जुना पाटा लाखो किलोमीटर धक्के खाल्लेला असतो आणि त्यात आतून चिरा असू शकतात. म्हणून सोमवारी हिला आमचा लाल-पांढरा स्प्रे पूर्ण पात्यावर मारला. स्वच्छ निघाली.

बाहेर आवाज पण ऐकला, मुठीला दोन बोटांत हलकं लोंबकळत धरून पात्यावर लाकडी चमचा मारायचा. काळी घुमत राहते, अकराशेवाल्या "ठक्" करून गप्प. मूठ घट्ट पकडून दुसऱ्या हातानं मनगटावर बुक्की मारली तर पातं थरथरतं, आणि मूठ सैल असेल तर त्या थरथरीत बारीक कुरकुर हाताला लागते, कानाला ऐकू यायच्या आधी. हे सगळं आमचे ऊसतोडीवाले कोयता घेताना न शिकवता करतात. हंगामाच्या आधी बाजारात बघा, एकेक जण दहा-दहा कोयते उचलतो, वाजवतो, डोळ्याजवळ धरून धारेच्या रेषेत बघतो, नखावर घासतो. त्याला विचारलं तर तो सांगेल, धार मुडपली तर दगडावर परत लावता येते, खांडा पडला तर तो कोयता गेला. मऊ असलेला बरा, ठिसूळ नको. रॉकवेल मशीन न बघता माणूस तेच बोलतोय.

बायकोनं मध्येच स्वयंपाकघरातली दीडशेची सुरी आणून पुढं केली, "हिचं पण सांगा आता." ती चांगली होती हो. पातळ, स्टेनलेस, प्लॅस्टिकची मूठ, कडकपणा त्रेपन्न, रोज भाजी चिरायला ह्याहून जास्त लागत नाही. धार लवकर जाते पण लवकर लागते. तिच्याच शेजारी पडलेली आठशेची "शेफ नाइफ" भेट आलेली, तिची धार जाड, पाचरीसारखी, बटाट्याच्या फोडी कापल्या न जाता फुटतात. स्टील बरं असून उपयोग नाही, घासणारा कंटाळला होता. सुरीत जीव धारेच्या कोनात असतो, तलवारीत मुठीच्या तोंडाशी. तिला म्हटलं आठशेची दे, शॉपमधून पातळ करून आणतो. अजून तशीच आहे, रोज ऐकतोय.

कायद्याचं पण वस्तादांनी तिथंच पोरांना सुनावलं ते लिहितो, कारण हल्ली वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा आणि व्हिडिओ टाकायचा, मग पोलीस घरी, हे दर महिन्याला कुठं ना कुठं चालूच असतं. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि २०१६ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं यादीत आहेत, घरकामाची, शेतीची वगैरे सोडून. आमच्या पथकाच्या तलवारी सगळ्या बोथट, खेळाच्या, आणि प्रात्यक्षिक असलं की आधी पोलीस स्टेशनला पत्र जातं, हत्यारांची संख्या लिहून. मिरवणुकीच्या दिवसांत शस्त्रबंदीचा आदेश असतो का ते पण विचारून घेतात. स्वस्त मिळाली म्हणून कुरिअरनं धारदार मागवायची आणि गादीखाली ठेवायची, ह्याला वस्तादांकडं दुसरं काही नाही, पथकातून नाव कमी.

तर निकाल. आठातली एक मोडलेली, एक आम्ही वाकवलेली, तीन चिरा पडलेल्या, ह्या पाच भंगारात, आणि भंगारात देताना पण तुकडे करून, नाहीतर कुणीतरी उचलून परत फिरवायचा. उरलेल्या तिन्हींच्या मुठी परत बसवून त्या तालमीच्या भिंतीवर शोभेला, फुल्या मारून, मुठीवर लाल टेप. एकाच पोराचं म्हणणं होतं की ह्यांना नीट वेल्डिंग करून वापरू, खर्च कमी येईल. करता येईल, पण माइल्डचं पातं वाकतं ते वाकतंच, आणि प्रत्येकी चार-पाचशे घालून परत अकराशेचीच तलवार राहणार. विकणाऱ्याकडं गेलो तर तो म्हणाला ह्या शोच्या आहेत, फिरवायला कुणी सांगितलं. घेताना हे सांगितलं नव्हतं. बिलावर "शोभेची वस्तू" छापलेलं होतं मात्र, बारीक अक्षरात, ते कुणी वाचलेलं नव्हतं. पैसे परत नाहीत. दमास्कसवाल्यानं फोन उचलणं बंद केलं.

वस्तादांनी काळी घेऊन त्या लोहाराकडं परत जायचं ठरवलं, मी पण गेलो. चार तलवारी सांगितल्या, प्रत्येकी चोवीसशे, जास्तीचे सहाशे कशाचे तर दोन अटींचे. एक, पाटा निवडला की घडवायच्या आधी मला द्यायचा, मी स्प्रे मारून चीर बघणार. दोन, शेपटाच्या मुळाशी काटकोन ठेवायचा नाही, गोल घ्यायचं. पहिली अट त्याला पटली, दुसरीवर हसला. त्याच्या पाटीतलं एक अर्धवट घडवलेलं पातं काढून दाखवलं, गोलाई होतीच, करंगळीच्या पेराएवढी. "बा नं शिकवताना कानाखाली दिलेली ह्याच्यासाठी," म्हणाला. सहाशेतले दोनशे त्यानंच कमी केले.

पाच पाट्यांतला एक मी नापास केला, भोकाजवळ दोन इंचांची लाल रेघ होती. तो त्यानं बाजूला टाकला, त्याचे विळे करणार म्हणाला, चीर कापून. १९ तारखेला पाच काळ्या तलवारी मैदानात होत्या, चमकत नव्हत्या, फोटोत पण नीट दिसल्या नाहीत अशी पोरांची तक्रार. तलवारी कमी म्हणून चौघा-चौघांच्या पाळ्या लावल्या आणि बाकीच्यांनी काठी आणि पट्टा केला.

मे महिन्यात एक परत आली. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उन्हात राहिलेली, मूठ किंचित हलायला लागलेली, आणि ते पण कळलं कसं तर ती सातवीतली मुलगी फिरकी घेता घेता मध्येच थांबली आणि म्हणाली वस्ताद, ही कुरकुरतीय. लाखेचा हा एक अवगुण आहे, साठ-सत्तर डिग्रीच्या पुढं ती नरम पडायला लागते, आणि दिवसभर उन्हात पडलेलं लोखंड उन्हाळ्यात त्याच्या जवळपास जाऊ शकतं. पण ती आधी हलते, कुरकुरते, मग सुटते, एकदम तुटून उडत नाही. वस्ताद संध्याकाळी घरी आले, हातात तलवार आणि कागदात लाखेचे खडे. बायकोनं न विचारता गॅसवरचं दूध उतरवलं आणि खिडक्या उघडल्या.